तारांचे जाळे, माणसांचे जाळे

(उद्योजकतेवरील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाची सुरुवात एका तारखेने करणे उचित ठरेल. २२ ऑक्टोबर १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजारात ‘सिकॅमोर नेटवर्क्स’ या कंपनीचा समभाग प्रथमच विक्रीस आला. कंपनीने त्याची किंमत ३८ डॉलर ठरविली होती. बाजार उघडताच भाव २७० डॉलरवर गेला आणि दिवस मावळताना तो १८४ डॉलरवर स्थिरावला. जेमतेम पावणेदोन वर्षे वयाच्या त्या कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात १४ अब्ज डॉलरच्या घरात पोहोचले. कंपनीचा ग्राहक त्या वेळी एकच होता आणि तिची आजवरची विक्री एक कोटी डॉलरच्या आसपास होती. म्हणजे विक्रीच्या हजारपटीहून अधिक मोल बाजाराने तिला दिले होते.

या कंपनीचे संस्थापक अध्यक्ष होते हुबळीचे गुरुराज देशपांडे. अमेरिकेत त्यांना सारे जण ‘देश’ या सुटसुटीत नावाने ओळखतात.

सिकॅमोर आज अस्तित्वात नाही. २०१३ साली तिचा व्यवसाय विकला गेला आणि ती रीतसर विसर्जित झाली. असे असूनही देशपांडे यांचे नाव अमेरिकेतील विद्यापीठांत आणि उत्तर कर्नाटकातील खेड्यांत आदराने घेतले जाते. ज्या कंपनीने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले तीच नाहीशी झाली, तर त्यांच्या कर्तृत्वाचे मोजमाप कशाने करावयाचे? आपल्या घरातील मुले संगणक अभियंते होत असताना आणि त्यांच्या पगाराच्या आकड्यांची चर्चा घरोघरी चालली असताना या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

हुबळी ते कॅनडा

गुरुराज देशपांडे यांचा जन्म १९५० सालचा. हुबळी तेव्हा मुंबई राज्यात होती. राज्यपुनर्रचनेनंतर, १९५६ साली, धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजेच आजच्या कर्नाटकात गेला. देशपांडे हे आडनाव आपल्याकडे आणि तिकडेही सारखेच रुळलेले आहे. परगण्याच्या महसुलाचा हिशेब ठेवणाऱ्या वतनदाराचे ते पद. घरचे वातावरण सुशिक्षित मध्यमवर्गीयाचे होते. वडील सरकारच्या कामगार खात्यात अधिकारी होते. व्यापाराची किंवा कारखानदारीची परंपरा घरात नव्हती. अशा घरातील हुशार मुलाने चांगले शिकावे आणि चांगली नोकरी धरावी, एवढीच त्या काळाची अपेक्षा असे.

१९७३ साली मद्रासच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बाहेर पडले. पुढे कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळविली आणि क्वीन्स विद्यापीठातून माहितीच्या दळणवळणावर संशोधन करून डॉक्टरेट घेतली. काही काळ त्यांनी अध्यापनही केले. प्राध्यापकी हा त्यांच्या स्वभावाला मानवणारा व्यवसाय होता आणि तेथेच ते स्थिरावले असते, तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते.

परंतु टोरांटोत मोटोरोला समूहातील कोडेक्स या कंपनीशी त्यांचा संबंध आला. संगणकांमधील संवादासाठी लागणारी उपकरणे कोडेक्स बनवीत असे. एखादी छोटी तुकडी एखादे उपकरण घडविते, ते ग्राहकाच्या हाती पडते, त्यातून पैसा उभा राहतो, माणसांना काम मिळते आणि पुढचे उपकरण आकार घेते, हे चक्र त्यांनी तेथे जवळून पाहिले. १९८४ च्या सुमारास ते कोडेक्सच्या मुख्यालयासाठी अमेरिकेत, बोस्टनजवळ आले. चांगला हुद्दा आणि सुखाची नोकरी असतानाच स्वतःचे काही उभारावे, ही ओढ त्यांच्या मनात निर्माण झाली.

पहिले अपयश

१९८७ साली एका भागीदाराबरोबर त्यांनी ‘कोरल नेटवर्क्स’ ही कंपनी काढली. काही काळातच कंपनीने कोणत्या दिशेने जावे यावर दोघांचे तीव्र मतभेद झाले. आपण स्थापन केलेल्या कंपनीतून देशपांडे रिकाम्या हाताने बाहेर पडले. नोकरी सोडलेली, कंपनी सुटलेली आणि दोन लहान मुलांचा संसार मागे. परदेशात, चाळिशीच्या उंबरठ्यावर असे वळण आले म्हणजे भल्याभल्यांचा धीर सुटतो.

या प्रसंगी त्यांच्या पत्नी जयश्री यांची साथ मोलाची ठरली. (मराठी वाचकांना सुपरिचित असलेल्या सुधा मूर्ती यांच्या त्या भगिनी.) नोकरीकडे परतण्याचा मार्ग खुला होता, देशपांडे यांनी मात्र पुन्हा एकदा कंपनी काढण्याचा निर्णय घेतला. भागीदारी करण्यापूर्वी माणसाच्या बुद्धीइतकीच त्याची दृष्टीही आपल्याशी जुळते का, हे पाहावे, हा धडा मात्र त्यांनी कायमचा गाठीशी बांधला.

जकात नाके उठविणारा तंत्रज्ञ

१९९० साली ‘कॅस्केड कम्युनिकेशन्स’ची स्थापना झाली. या कंपनीने नेमके काय केले हे समजून घेतल्याखेरीज देशपांडे यांच्या बुद्धीची झेप कळणार नाही. म्हणून थोडे तंत्राविषयी.

त्या काळी एखाद्या मोठ्या बँकेला आपल्या शाखा संगणकाने जोडावयाच्या असतील, तर दूरसंचार कंपनीकडून भाड्याने तारा घ्याव्या लागत. प्रत्येक कार्यालय दुसऱ्या प्रत्येक कार्यालयाशी थेट जोडावयाचे, तर वीस कार्यालयांसाठी १९० तारा लागतात. त्या दिवसभर पूर्ण वापरल्या जात नसल्या तरी भाडे मात्र चोवीस तासांचे भरावे लागे. दुसरा मार्ग होता सामाईक जाळ्याचा. त्यात माहितीचे लहान लहान गठ्ठे करून ते एकाच रस्त्याने पाठविले जात. ‘एक्स-२५’ नावाची जुनी पद्धत हेच करीत असे. पण ती तांब्याच्या तारांच्या काळात जन्मलेली. त्या तारांत खरखर फार, चुका फार. त्यामुळे वाटेतील प्रत्येक टप्प्यावर गठ्ठा तपासला जाई आणि चूक आढळल्यास मागील टप्प्याकडून पुन्हा मागविला जाई. मालमोटार प्रत्येक जकात नाक्यावर थांबवून सगळा माल उतरवून मोजावा, तसाच हा प्रकार होता. सुरक्षित खरा, पण संथ.

ऐंशीच्या दशकात काचतंतू आले आणि हा रस्ता स्वच्छ झाला. चुका क्वचितच होऊ लागल्या. मग प्रत्येक नाक्यावर तपासणी कशासाठी? तपासणी दोन टोकांच्या संगणकांनी करावी आणि मधल्या यंत्रांनी गठ्ठा केवळ पुढे ढकलावा, या विचारातून ‘फ्रेम रिले’ ही पद्धत पुढे आली. प्रत्येक कार्यालयाने जाळ्यापर्यंत एकच तार न्यावी आणि जाळ्याच्या आत हव्या त्या कार्यालयाकडे आभासी मार्ग आखून घ्यावा, अशी तिची रचना होती. १९० तारांचे काम वीस तारांत होऊ लागले.

ही कल्पना देशपांडे यांची एकट्याची नव्हती. त्यांचे श्रेय असे की, दूरसंचार कंपन्यांना आपल्या हजारो ग्राहकांसाठी ही सेवा चालविता येईल असे भक्कम स्विच कॅस्केडने वेळेवर बाजारात आणले. बड्या कंपन्या जुन्या यंत्रांच्या मोहात अडकल्या असताना या नव्या कंपनीने बदलाची पावले ओळखली. नव्वदच्या दशकात इंटरनेटची लाट उसळली, तेव्हा तिचा भार पेलणाऱ्या जाळ्यांत कॅस्केडची यंत्रे ठिकठिकाणी बसलेली होती.

आणखी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कंपनी वाढू लागताच देशपांडे यांनी डॅन स्मिथ यांना मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आणले आणि स्वतः दुय्यम भूमिका स्वीकारली. आपण तंत्राचे जाणकार आहोत. विक्री आणि विस्तार हे दुसऱ्याचे बलस्थान आहे, हे त्यांनी ओळखले होते. कंपनी आपली आहे म्हणून खुर्चीही आपलीच असली पाहिजे, हा हट्ट आपल्याकडील किती संस्थांना बाधला आहे, हे येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. १९९४ साली कॅस्केड भागबाजारात आली आणि १९९७ साली असेंड कम्युनिकेशन्सने ती ३.७ अब्ज डॉलरला विकत घेतली. कोरलमधून रिकाम्या हाताने बाहेर पडल्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती.

शिखर आणि उतार

१९९८ च्या आरंभी देशपांडे आणि स्मिथ यांनी पुन्हा एकत्र येऊन सिकॅमोर स्थापन केली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथील प्रकाशीय जाळ्यांच्या संशोधनात मुरलेले तंत्रज्ञ त्यांच्यासोबत होते. केसासारख्या एका काचतंतूतून प्रकाशाच्या अनेक तरंगलांबी, म्हणजे एका परीने अनेक ‘रंग’, एकाच वेळी सोडता येतात आणि प्रत्येक रंग हा माहितीचा स्वतंत्र प्रवाह होतो. हे तंत्र आलेले होते. पण एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत नवा प्रवाह सुरू करावयाचा, तर दूरसंचार कंपन्यांना त्यासाठी महिनेच्या महिने लागत. प्रत्येक ठिकाणी माणसे जाऊन जोडण्या करीत. हे काम संगणकाच्या आज्ञेने, त्वरित व्हावे, असे स्विच सिकॅमोरने बनविले.

तंत्र अस्सल होते, मागणीचा अंदाज मात्र भ्रामक ठरला. इंटरनेटवरील रहदारी दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असे वाक्य त्या काळात अमेरिकेत जो तो बोलत असे. प्रत्यक्षात ती वर्षाकाठी साधारण दुप्पट होत होती. त्या एका वाक्याच्या भरवशावर कंपन्यांनी कर्जे काढून देशभर काचतंतू पुरले. त्याच वेळी रंगांच्या तंत्रामुळे प्रत्येक तंतूची क्षमता अनेक पटींनी वाढली. पुरवठ्याचा पूर आला आणि पाणी पिणारे कमी पडले. सिकॅमोरची पहिली ग्राहक असलेली विल्यम्स कम्युनिकेशन्स एप्रिल २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. जुलैत वर्ल्डकॉम कोसळली. सिकॅमोरचा समभाग त्याआधी, २००१ मध्येच, दहा डॉलरच्या खाली उतरला होता. शेकडो अभियंत्यांना घरी जावे लागले. २७० डॉलरला समभाग घेणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांचे जे नुकसान झाले, ते कोणत्याही यशोगाथेने झाकता येणार नाही.

तथापि एक नोंद न्यायाने केली पाहिजे. तेजीच्या काळात भागविक्रीतून मिळालेला पैसा सिकॅमोरने उधळला नाही. कर्ज केले नाही. त्यामुळे आजूबाजूच्या कंपन्या बुडत असताना ती दहा वर्षांहून अधिक काळ उभी राहिली. अखेर आपल्या आकाराच्या कंपनीला भवितव्य नाही हे स्पष्ट झाल्यावर व्यवसाय विकून, उरलेली रोकड भागधारकांना परत देऊन तिने आपला कारभार मिटविला. उद्योग कसा सुरू करावा हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. तो स्वच्छपणे कसा आवरावा याची उदाहरणे विरळा असतात.

तेजस

सिकॅमोर शिखरावर असतानाच, २००० साली, बंगळुरूत ‘तेजस नेटवर्क्स’ या कंपनीचा जन्म झाला. संजय नायक, कुमार शिवराजन आणि अर्णब रॉय हे तिचे प्रवर्तक. देशपांडे यांनी तिला आर्थिक पाठबळ दिले आणि आरंभीच्या काळात अध्यक्षपदाची धुरा सांभाळली. प्रकाशीय दळणवळणाची यंत्रे भारतात, भारतीय अभियंत्यांनी आखावीत, हा तिचा उद्देश होता. संगणकाच्या आज्ञावली लिहून परदेशी कंपन्यांची कामे करणे सोपे होते आणि पैसाही त्यात लवकर दिसत असे. स्वतःच्या नावाचे उपकरण घडवून ते जगातील बलाढ्य कंपन्यांच्या शेजारी उभे करणे हे तपश्चर्येचे काम होते.

या तपश्चर्येला फळ येण्यास बराच काळ लागला. २०१७ साली तेजस भागबाजारात आली. २०२१ साली टाटा समूहाने तिची सूत्रे हाती घेण्याचा करार केला. २०२३ साली भारत संचार निगमच्या चौथ्या पिढीच्या मोबाइल जाळ्यासाठी सुमारे एक लाख ठिकाणी लागणारी रेडिओ यंत्रे पुरविण्याचे साडेसात हजार कोटी रुपयांच्या आसपासचे काम तिला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमार्फत मिळाले. जाळ्याचा गाभा सी-डॉट या सरकारी संस्थेने घडविला. दूरसंचाराची यंत्रे बनविणे ही जगातील मोजक्या देशांची मिरासदारी आहे. त्या पंगतीत भारताचे पान मांडले जाण्यामागे अनेकांचे श्रम आहेत. पण पंचवीस वर्षांपूर्वी, कोणाचाही विश्वास बसत नसताना, ज्यांनी गाठीचा पैसा लावला, त्यांत हुबळीचा हा माणूस होता. सिकॅमोर विसर्जित झाली. तिच्या काळात परक्या भूमीवर कमावलेला अनुभव मात्र या रूपाने मायभूमीच्या कामी आला.

वाळूचा हौद

संपत्ती हाती आल्यावर देशपांडे दांपत्याने तिचा विनियोग कसा केला, हा या जीवनप्रवासाचा उत्तरार्ध आहे. २००२ साली त्यांच्या दोन कोटी डॉलरच्या देणगीतून एमआयटीत ‘देशपांडे सेंटर’ उभे राहिले. प्रयोगशाळेतील शोध आणि बाजारातील वस्तू यांच्यामधील दरी ओलांडण्यासाठी ते संशोधकांना अर्थसाह्य आणि अनुभवी उद्योजकांचे मार्गदर्शन देते. २०१० साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी नवोन्मेष व उद्योजकता यांवरील राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या सहअध्यक्षपदी त्यांची नियुक्ती केली.

पण त्यांनी हुबळीत जे आरंभिले, ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. २००७ पासून हुबळी-धारवाड परिसरात ‘देशपांडे फाउंडेशन’ने ‘सँडबॉक्स’ नावाचा प्रयोग चालविला. सँडबॉक्स म्हणजे मुलांच्या खेळण्याचा वाळूचा हौद. मुले वाळूत घरे बांधतात, ती पडतात, कोणी रागावत नाही, आणि मुले नवे घर बांधतात. समाजाचे प्रश्न सोडविण्याचे प्रयोग असेच, लहान प्रमाणात, अपयशाची भीती न बाळगता करता यावेत, ही त्यामागील कल्पना. बोस्टनहून तयार उत्तरे आणून हुबळीत लावता येत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. प्रश्न ज्याचा, त्याला विचारून उत्तर शोधावे लागते. नवकल्पना कितीही चमकदार असली, तरी ती कोणाच्या तरी खऱ्या गरजेला भिडली नाही तर तिचा परिणाम शून्य, हे सूत्र ते सातत्याने मांडतात. सिकॅमोरचा अनुभव घेतलेल्या माणसाच्या तोंडी या सूत्राला विशेष वजन आहे.

या परिसरात अक्षयपात्र संस्थेचे मोठे स्वयंपाकघर उभे राहण्यास त्यांचे साहाय्य झाले. शाळेतील मुलांसाठी रोज लाखाहून अधिक ताटांचे अन्न तेथे शिजविता येते. धान्य वरच्या मजल्यावर चढवावयाचे, ते खाली उतरता उतरता निवडले-धुतले जावे, शिजावे आणि तळमजल्यावरून गाड्यांत भरून शाळांकडे निघावे, अशी तेथील व्यवस्था आहे. गठ्ठे वाटेत न अडवता पुढे नेण्याचे शास्त्र ज्याने आयुष्यभर अभ्यासले, त्याला ही रचना भावली नसती तरच नवल!

पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ‘कृषी होंडा’, म्हणजे शेततळ्यांची योजना फाउंडेशनने राबविली आणि हजारो शेततळी खोदली गेली. त्यातही खर्चाचा वाटा शेतकऱ्याने उचलावा, असा आग्रह ठेवण्यात आला. फुकट मिळालेल्या तळ्यातील गाळ कोणी काढीत नाही. स्वतःचा पैसा घातलेल्या तळ्याची राखण मात्र होते. ग्रामीण भागातील पदवीधरांना इंग्रजी संभाषण, संगणक आणि कामाची शिस्त शिकवून रोजगारक्षम करण्याचे वर्गही फाउंडेशनतर्फे चालतात.

मोजमापाचा प्रश्न

देशपांडे आपल्या भाषणांतून माणसांचे तीन प्रकार सांगतात. प्रश्न समोर असूनही ज्यांना तो दिसतच नाही, असे एक. ज्यांना तो दिसतो आणि जे केवळ तक्रार करतात, असे दुसरे. प्रश्न दिसताच ज्यांचे हात काम करू लागतात, असे तिसरे. समाजात तिसऱ्या प्रकारची माणसे किती आहेत, यावर त्या समाजाचे चैतन्य अवलंबून असते. पैसा, कायदे, योजना या सर्वांचे महत्त्व आहेच. पण दुसऱ्या प्रकारच्या माणसाला तिसऱ्या प्रकारात आणणे, हे त्यांच्या मते खरे सामाजिक कार्य.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. १४ अब्ज डॉलर हा आकडा एका दिवसाचा पाहुणा होता. तो आला आणि गेला. कोरलचे अपयश, कॅस्केडचे यश आणि सिकॅमोरचा उदयास्त, या सर्वांतून टिकून राहिले ते तीन गोष्टींचे संचित : काळाची गरज ओळखण्याची दृष्टी, योग्य माणसाला पुढे करून स्वतः मागे उभे राहण्याची वृत्ती आणि पडलेले घर पुन्हा बांधण्याची जिद्द. हे संचित कोणत्याही भागबाजारात उतरत नाही, म्हणून ते कोसळतही नाही. त्यातूनच बंगळुरूची तेजस उभी राहिली आणि धारवाडच्या कोरडवाहू शिवारात तळी भरली.

आपली बुद्धिमान मुले परदेशी जातात, याची खंत आपल्याकडे सभांतून नेहमी व्यक्त होते. ती रास्त आहे. परंतु गेलेल्या मुलांना परत येऊन काही करावेसे वाटले, तर त्यांना साथ देणारी तिसऱ्या प्रकारची माणसे आपल्या गावात आहेत काय, हेही पाहिले पाहिजे. हुबळीत ती होती आणि घडविली गेली. मिरज, लातूर, अकोला, रत्नागिरी येथे ती घडावयाची असतील, तर त्यासाठी अब्जावधी डॉलरची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातील एक नडलेला प्रश्न निवडावा, तो ज्याचा आहे त्याच्या दारात जावे आणि लहानसा प्रयोग करावा. तो फसला, तर वाळू सपाट करून पुन्हा बसावे.